धुतल्यावर फ्लीसमध्ये बुडणारी अक्षरे : दोष कुठे असतो आणि तो परत का येतो

फ्लीसच्या पांघरुणाच्या कोपऱ्यात भरतकामाच्या यंत्रावर एखादे नाव भरले, फ्रेम सोडवली आणि भरताना कापडावर ठेवलेली पातळ फिल्म काढून टाकली, की अक्षरे अगदी रेखीव दिसतात. तेच पांघरूण एकदा धुऊन वाळवले की शिरोरेषेत मधूनमधून खंड पडलेला दिसतो, अनुस्वाराचा ठिपका शोधावा लागतो आणि टाक्यांच्या फटींतून कापडाची लव वर आलेली असते. नवशिक्या माणसाला यावर पहिला उपाय सुचतो तो टाके अधिक दाट करण्याचा. तसे केल्यावर काम यंत्रावर असेपर्यंत बरे दिसते, पण दोन-तीन धुण्यांनंतर तीच तक्रार परत येते, आणि आता नावाभोवती चुण्याही पडलेल्या असतात.

मीही सुरुवातीला हेच केले होते. दोन ओळींमधले अंतर ०.४ मिलिमीटरवरून ०.३ वर आणले, तेव्हा अक्षर पुठ्ठ्यासारखे कडक झाले, त्याच्या भोवतीचे कापड वाटीसारखे खोलगट झाले आणि लव मात्र कडेकडेने पूर्वीइतकीच बाहेर डोकावत राहिली. हा दोष वारंवार परत येतो याचे कारण असे की, तो एक दोष नसून दोन आहेत. एक दोष लवेचा आहे आणि दुसरा ताणाचा. दोहोंचे लक्षण वरून पाहता सारखेच दिसते, म्हणजे अक्षर बारीक होते किंवा नाहीसे होते. परंतु एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि टाके दाट करण्याचा उपाय तर लवेला फारसा उपयोगी पडत नाही आणि ताण मात्र वाढवतो.

फ्लीस हे विणकरी मागावरचे उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड नव्हे. ते पॉलिएस्टरच्या धाग्याचे, फासे घालून गुंफलेले कापड असते. त्याचे फासे तारांच्या ब्रशांनी खरवडून उचलतात आणि मग वरची लव एकसारखी कातरतात. त्यामुळे त्यात दोन गोष्टी जन्मजात असतात. गुंफलेले असल्यामुळे ते ताणले जाते, आणि तेही सर्व दिशांना सारखे नाही. रुंदीच्या दिशेने ते लांबीच्या दिशेपेक्षा बरेच अधिक ताणले जाते. खरवडलेले असल्यामुळे त्यावर एक लवचिक, दाबली तरी पुन्हा उभी राहणारी लव असते. बाजारात ते साधारणपणे दर चौरस मीटरला १००, २०० आणि ३०० ग्रॅम अशा वजनांत मिळते. वजन जितके अधिक तितकी लव बहुधा उंच, आणि नवशिक्याने २०० ग्रॅमच्या आसपासच्या, आखूड लवेच्या कापडापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. मेंढीच्या लोकरीसारखी गुंतागुंतीची लव असलेल्या कापडावर बारीक अक्षरे भरण्याचा मोह पहिल्या वर्षी तरी टाळावा.

आधी निदान

बिघडलेला नमुना टाकून देऊ नये, कारण उत्तर त्यातच असते. तो टेबलावर सपाट ठेवावा आणि शिरोरेषेच्या दोन्ही कडांवरची लव नखाने किंवा जुन्या मऊ ब्रशने बाजूला सारावी. लवेखाली रेषा सलग, सरळ आणि योग्य जाडीची सापडली, तर दोष लवेचा आहे. रेषा सापडली पण ती बारीक झाली असेल, तर पट्टी लावून मोजावे. संगणकावरील फाइलमध्ये २ मिलिमीटर रुंद असलेला काना कापडावर १.५ मिलिमीटर भरत असेल, तर टाक्यांनी कापड आत ओढले आहे आणि दोष ताणाचा आहे. अक्षरांच्या भोवती कापड लाटांसारखे वरखाली झाले असेल, तर वेगळे मोजण्याचीही गरज नाही.

देवनागरी अक्षरांत हे ओढले जाणे विशेष स्पष्ट दिसते. सॅटिन टाका, म्हणजे पट्ट्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा दाट टाका, ज्या दिशेने जातो त्या दिशेने तो कापडाला आत ओढतो, आणि त्या पट्ट्याच्या दोन टोकांना कापड बाहेर ढकलले जाते. कान्याचे टाके आडवे असतात. नाव जर कापडाच्या ताणल्या जाणाऱ्या दिशेला समांतर भरलेले असेल, तर हे आडवे टाके नेमके कापडाच्या सर्वांत सैल दिशेने ओढतात. म्हणून काना बारीक होतो, आणि तो वरच्या टोकाला ढकलला गेल्यामुळे शिरोरेषेच्या बाहेर किंचित डोके काढतो. शिरोरेषेचे टाके उभे असतात, ते कापडाच्या कमी ताणाच्या दिशेने ओढतात, म्हणून ती तुलनेने कमी बारीक होते. परंतु तिची लांबी वाढते आणि शेवटच्या अक्षरापुढे ती थोडी लोंबते. एकाच नावात काने बारीक आणि शिरोरेषा लांब दिसत असेल, तर यंत्रात बिघाड नाही, हे डोळे मिटून सांगता येते.

पालथ्या बाजूकडेही पाहावे. सॅटिनच्या पट्ट्याच्या मागे मधला साधारण एक तृतीयांश भाग बॉबिनच्या, म्हणजे खालच्या रिळाच्या, धाग्याचा आणि दोन्ही बाजूंना वरचा धागा दिसला, तर टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, ठीक आहे. मागे बॉबिनचा धागा जवळपास दिसतच नसेल, तर वरचा धागा सैल आहे. आणि तो बहुधा सैल ‘केलेला’ नसतो, तर धागा ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबणारा यंत्राचा पाय, खाली राहिल्यामुळे तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. फूट वर करून पुन्हा ओवावे आणि मगच टेन्शनच्या आकड्याला हात लावावा. मागे धाग्यांचा गुंता होऊन कापड सुईच्या पट्टीला चिकटून बसण्याचा प्रकारही बहुतेक वेळा याच चुकीतून होतो.

लवेचा बंदोबस्त

वर ठेवायची पाण्यात विरघळणारी फिल्म फ्लीसवर अनिवार्य आहे, याविषयी दुमत नसावे. ही फिल्म पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असते. ती लव दाबून धरते आणि टाका लवेच्या आत न रुतता तिच्या वर बसतो. मात्र नवशिक्यांना बहुतेकदा एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती अशी की फिल्मचे काम केवळ टाका बसेपर्यंतचे असते. पहिल्या धुण्यात ती पूर्णपणे विरघळून जाते. त्यानंतर लव खाली ठेवण्याचे काम टाक्यांनाच करावे लागते, आणि वरच्या टाक्यांखाली काहीच आधार नसेल तर लव त्यांच्या फटींतून हळूहळू वर येते. यंत्रावरून उतरताना सुंदर दिसणारे आणि धुतल्यावर बुडणारे काम नेमके या टप्प्यावर फसलेले असते.

आधार म्हणजे अंडरले, अर्थात वरच्या टाक्यांच्या आधी खाली घातलेले विरळ टाके. साध्या सुती कापडावर मधोमध एक धावता टाका असला तरी पुरतो. फ्लीसवर तेवढ्याने भागत नाही. पट्ट्याच्या दोन्ही कडांच्या किंचित आतून धावता टाका, आणि त्यावर नागमोडी टाका, असे दोन्ही अंडरले घ्यावेत. कडेचा टाका लवेला बांध घालतो आणि नागमोडी टाका मधली लव आडवी पाडतो. रुंद भरीव भागांत वरच्या टाक्यांच्या दिशेला काटकोनात जाणारा विरळ अंडरले घ्यावा. आयत्या विकत घेतलेल्या डिझाइनमध्ये हे बदल करता येतीलच असे नाही. म्हणून डिझाइन निवडतानाच बारीक रेघांचे, एकेरी धावत्या टाक्याचे आणि तलम छटांचे नमुने बाजूला ठेवावेत. ते फ्लीससाठी नसतातच, आणि कोणत्याही सेटिंगने ते वाचत नाहीत.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे नावाच्या खाली आधी एक विरळ जाळी भरून घेणे. इंग्रजीत तिला ‘नॉकडाउन’ म्हणतात आणि बऱ्याच डिजिटायझिंग, म्हणजे चित्राचे टाक्यांत रूपांतर करणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते. सोय नसली, तरी एक साधा भरीव आकार काढून त्याच्या ओळींमधले अंतर १ ते १.५ मिलिमीटर ठेवावे, त्याचा अंडरले बंद करावा, आकार अक्षरांच्या कडेपेक्षा चहूबाजूंनी २-३ मिलिमीटर मोठा घ्यावा आणि धागा कापडाच्याच रंगाचा लावावा. ही जाळी धुण्यात जात नाही, त्यामुळे अक्षराभोवतीची लव कायम खाली राहते आणि अक्षर एका उथळ खळग्यात बसल्यासारखे उठून दिसते. चौकोनी जाळी ओबडधोबड दिसते. अक्षरांच्या बाह्याकाराला धरून फिरणारी जाळी अधिक शोभते. ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर नाही त्यांनी कापडाच्या रंगाची बारीक जाळीदार नेट फिल्मऐवजी वर ठेवावी आणि काम झाल्यावर ती अक्षरांच्या कडेने कात्रीने कापावी. टाक्यांखालची नेट तशीच राहते आणि लव अडवते.

मी एकाच फ्लीसच्या चार तुकड्यांवर एकच ‘श’ चार प्रकारे भरून तीन वेळा धुऊन पाहिला. फिल्म नसलेला ‘श’ धुण्याआधीच अर्धा बुडाला होता. केवळ फिल्म लावलेल्याची गाठ पहिल्या धुण्यानंतर लवेने भरून गेली. फिल्मसोबत दुहेरी अंडरले असलेला तिसऱ्या धुण्यानंतरही वाचता येत होता, मात्र कडा दातेरी झाल्या होत्या. जाळीवर भरलेला जसाच्या तसा राहिला. हा तुकडा मी अजून यंत्राच्या खणात ठेवला आहे, आणि कोणी जाळीला लागणाऱ्या वेळाची तक्रार केली की तोच पुढे करतो.

अक्षरांचा आकारही महत्त्वाचा आहे. सॅटिनचा पट्टा १.५ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये, आणि अनुस्वाराचा ठिपका किमान २.५ मिलिमीटर व्यासाचा असावा. ‘ध’, ‘थ’, ‘श’ यांच्या गाठी आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या आतल्या पोकळ्या छोट्या आकारात हमखास बुजतात. म्हणून नावात अशी अक्षरे असतील, तर मात्रा सोडून अक्षराची उंची २० मिलिमीटरच्या खाली आणू नये. छोट्या अक्षरांसाठी ६० नंबरचा बारीक धागा वापरण्याचा सल्ला इतर कापडांच्या बाबतीत योग्य असला, तरी इथे तो उलटा पडतो, कारण बारीक धागा लव झाकू शकत नाही. नेहमीचा ४० नंबरचा पॉलिएस्टर धागाच ठेवावा.

ताणाचा बंदोबस्त

फ्लीसच्या मागे फाडून काढायचे बॅकिंग, म्हणजे आधाराचे अस्तर, लावणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. सुईच्या छिद्रांनी ते ओळीने फाटते आणि धुतल्यावर तर उरतच नाही. मग ताणल्या जाणाऱ्या कापडाला धरून ठेवणारे मागे काहीच राहत नाही. कापून काढायचे बॅकिंग, म्हणजे कटअवे, वापरावे. दर चौरस मीटरला साधारण ८५ ग्रॅम वजनाचे, ज्याला २.५ औंसाचे म्हणतात, ते नावासाठी पुरेसे आहे. काम झाल्यावर ते डिझाइनपासून अर्धा ते एक सेंटिमीटर सोडून गोलाकार कापावे, टाक्यांना भिडवून कापू नये. पांघरूण तान्ह्या मुलाचे असेल, तर मागच्या बाजूला मऊ, विणीचे अस्तर लावून टाके झाकावेत.

फ्लीस फ्रेममध्ये आवळताना कापड ताणले जाते, आणि चुण्यांचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. ताणलेल्या अवस्थेत त्यावर टाके पडतात, फ्रेम सोडवली की कापड मूळ मापावर येते, टाके मात्र येत नाहीत, आणि मधला जादा भाग उंचसखल होतो. याशिवाय फ्रेमच्या कडेने लव चिरडून गोल वण उमटतो तो वेगळाच. म्हणून फ्रेममध्ये फक्त बॅकिंग बसवावे, ते ढोलासारखे ताठ करावे, त्यावर तात्पुरता चिकटणारा स्प्रे हलका मारावा आणि फ्लीस वरून नुसते ठेवून तळहाताने दाबावे, पसरवू नये. स्प्रे यंत्राजवळ मारू नये. त्याचे कण हुकात आणि बॉबिनच्या पेटीत जाऊन लवेशी मिसळतात आणि चिकट घाण तयार होते.

केवळ स्प्रेवर विसंबू नये. डिझाइनच्या भोवती लांब टाक्यांची एक चौकट घालून फिल्म, फ्लीस आणि बॅकिंग एकत्र टाचून घ्यावे. बहुतेक यंत्रांत ही सोय असते, नसेल तर हाताने कच्चे टाके घालावेत. बाह्यरेषा सरकण्याचा, म्हणजे भरलेला रंग एकीकडे आणि काळी रेघ दुसरीकडे जाण्याचा दोष या एका चौकटीने मोठ्या प्रमाणात जातो. उरलेला जो दोष असतो, त्याचे कारण पुष्कळदा टेबलाखाली असते: पांघरूण जड असते, त्याचा मोठा भाग यंत्राच्या कडेवरून खाली लोंबतो आणि प्रत्येक हालचालीला फ्रेमला मागे खेचतो. पांघरुणाचे वजन टेबलावर, खुर्चीवर किंवा मांडीवर पेलून धरले पाहिजे. त्याच वेळी फ्रेमखाली कापडाची घडी सरकत नाही ना, याकडेही लक्ष ठेवावे. नाव पांघरुणाच्या दोन थरांतून शिवले गेले, की उसवण्यात संध्याकाळ जाते.

फाइलमध्ये करायचा बदल म्हणजे पुल कॉम्पेन्सेशन, अर्थात टाका जितका आत ओढला जाईल तितका तो आधीच रुंद ठेवणे. मूळ आकडा किती आहे ते पाहून तो ०.१ मिलिमीटरने वाढवत जावे. फ्लीसवर तो बहुधा ०.३ ते ०.४ च्या दरम्यान स्थिरावतो. वर सांगितलेले कान्याचे मोजमाप इथे उपयोगी पडते, कारण फाइलमधली रुंदी आणि कापडावरची रुंदी यांतला फरक पाहूनच आकडा किती वाढवायचा ते ठरते. टाक्यांची दाटी, म्हणजे दोन ओळींमधले अंतर, ०.४ मिलिमीटरवरच ठेवावी. जाळी वापरली असेल तर अक्षराचे टाके ०.४५ पर्यंत विरळही करता येतात, आणि अक्षर अधिक मऊ राहते.

सुई ७५ नंबरची, गोल टोकाची घ्यावी. जाड फ्लीसला ८० चालते. गोल टोक फाशांना छेदण्याऐवजी बाजूला सारते. सुई आठ तासांच्या कामानंतर बदलावी, आणि धागा वारंवार तुटू लागला तर त्याआधीही. वेग मिनिटाला ५०० ते ६०० टाक्यांच्या वर नेऊ नये. यंत्रात प्रेशर फूटची उंची बदलण्याची सोय असेल, तर ती थोडी वाढवावी, कारण जाड कापडावर खाली असलेले फूट लवेला पुढे ढकलत नेते आणि फिल्म फाडते. फ्लीसवर दोन-तीन नावे भरून झाली, की सुईखालची पट्टी काढून बॉबिनच्या पेटीभोवतीची लव ब्रशने काढावी. फुंकर मारू नये, त्याने ती आणखी आत जाते.

काम उतरवल्यानंतर

फिल्म आधी हाताने फाडावी. एका बोटाने टाके दाबून धरावे आणि फिल्म टाक्यांकडे ओढावी, टाक्यांपासून दूर ओढू नये. गाठींमध्ये अडकलेले बारीक तुकडे ओल्या कापसाने टिपावेत. उरलेली फिल्म केवळ ओली करून तशीच वाळू दिली, तर अक्षरांच्या आत खळीसारखी कडक होते. ती कोमट पाण्यात नीट खंगाळून काढावी.

इस्त्री थेट लावू नये. पॉलिएस्टरची लव गरम तळाखाली कायमची बसते आणि तिथे चकाकणारा डाग पडतो, जो नंतर कोणत्याही ब्रशने उठत नाही. फ्रेमचा वण पडलाच असेल, तर इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून नुसती वाफ द्यावी आणि लव मऊ ब्रशने उलट दिशेने उचलावी. याच कारणासाठी इस्त्रीने चिकटवायचे बॅकिंग आणि उष्णतेने विरघळणारी फिल्म फ्लीसवर मी वापरत नाही.

आधीच बुडालेले नाव दुरुस्त करता येते का, असे पुष्कळदा विचारले जाते. अक्षरे जाड असतील, तर कडेची लव लहान वाकड्या कात्रीने अलगद कातरता येते. अगदी टाक्यांच्या कडेची, आणि एका वेळी चार-पाच केसांहून अधिक नाही. कातरलेली लव पुन्हा येत नाही, त्यामुळे हा उपाय दिसतो त्यापेक्षा टिकाऊ आहे. काने बारीक होऊन कापड लाटांसारखे झाले असेल, तर मात्र कात्रीचा उपयोग नाही. तिथे सपाट, न ताणल्या जाणाऱ्या कापडाचा तुकडा घेऊन त्यावर नाव नव्याने भरावे आणि तो तुकडा जुन्या नावावर शिवून टाकावा.